विश्लेषण : सिनेमातले लढाऊ विमान खरे की सोंग? ‘मिग-२१’ निवृत्त झाल्यावर हा प्रश्न का महत्त्वाचा?

२६ सप्टेंबर २०२५ रोजी चंडीगडच्या हवाई तळावर ‘मिग-२१’ला निरोप देण्यात आला आणि भारतीय हवाई दलातील या विमानाची ६२ वर्षांची सेवा संपली. देशाने एकूण ८७० हून अधिक मिग-२१ वापरली. त्यातली ६०० हून अधिक नाशिकजवळच्या ओझरमध्ये, हिंदुस्थान एरोनॉटिक्स लिमिटेडच्या (एचएएल) कारखान्यात तयार झाली. ओझर नंदुरबारपासून रस्त्याने दोनशेएक किलोमीटर. म्हणजे उत्तर महाराष्ट्राच्या दृष्टीने हे विमान परदेशी नावाचे असले तरी शेजारच्या गावात बनलेले होते.

आता ते आकाशात दिसणार नाही. कुठे चौकात चौथऱ्यावर उभे दिसेल आणि मोबाइलच्या पडद्यावर, सिनेमात दिसेल. नंदुरबारसारख्या जिल्ह्यात, जिथे ना प्रवासी विमानसेवा आहे ना विमानांचे संग्रहालय, तिथल्या मुलांसाठी तर लढाऊ विमान म्हणजे सिनेमातले विमान. अडचण अशी, की सिनेमातले विमान अनेकदा ‘ते’ विमान नसतेच. ही चोरी सर्वांत आधी पकडतात ती स्केल मॉडेल बनवणारी मंडळी. त्यांची नजर नेमके काय पाहते?

स्केल मॉडेलिंग म्हणजे खेळण्यातले विमान नव्हे का?

नव्हे. खेळण्यातले विमान ‘विमानासारखे’ असते. स्केल मॉडेल हे एका खऱ्या विमानाची ठरावीक प्रमाणात लहान केलेली प्रतिकृती असते. बाजारात मिळणाऱ्या किटमध्ये प्लास्टिकच्या चौकटीला जोडलेले पन्नास ते काहीशे सुटे भाग असतात. ते कापायचे, घासायचे, चिकटवायचे, पुट्टी भरायची, पुन्हा घासायचे, रंगवायचे आणि शेवटी पाण्यात भिजवून सोडवायची चिन्हे, म्हणजे डिकल, लावायची. विमानांसाठी १/७२, १/४८ आणि १/३२ ही प्रमाणे सर्रास वापरतात. १/७२ मध्ये मिग-२१ चे पंख या टोकापासून त्या टोकापर्यंत जेमतेम १० सेंटीमीटर भरतात, स्पिटफायरचे साडेपंधरा, तर डाकोटा ४० सेंटीमीटर जागा अडवते. टपाल तिकिटांचा संग्रह करणाऱ्याला जशी छपाईतली चूक दिसते, तसे या माणसांना विमानाचे नाक, पाठ आणि शेपूट दिसते. हा छंद माझाही आहे. त्यामुळे घरच्यांसोबत युद्धपट पाहणे मी जवळपास बंद केले आहे, कारण दर दहा मिनिटांनी ‘थांबव जरा’ असे म्हणणारा माणूस कुणालाच नको असतो.

७२ हा आकडा आला कुठून?

फूट-इंचाच्या हिशेबातून. सहा फूट म्हणजे ७२ इंच. त्यामुळे १/७२ मध्ये सहा फुटी माणूस बरोबर एक इंचाचा होतो. ब्रिटनच्या एअरफिक्स कंपनीने १९५३ मध्ये याच प्रमाणात स्पिटफायरचे प्लास्टिक किट काढले आणि हा छंद घराघरांत गेला.

पण या प्रमाणाचा सर्वांत गंभीर वापर त्याआधी झाला होता. १९४२ च्या सुरुवातीला अमेरिकेच्या नौदलाने देशभरातल्या शाळकरी मुलांना पाच लाख लाकडी विमाने बनवून मागितली. सगळी १/७२ प्रमाणात, काळ्या रंगाची, आपली आणि शत्रूची मिळून ५० प्रकारची. कशासाठी? तोफेवरच्या सैनिकाला समोरून येणारी काळी आकृती मित्राची की शत्रूची, हे क्षणात ओळखता यावे म्हणून. १/७२ चे मॉडेल सुमारे ३५ फुटांवर धरले, की अर्ध्या मैलावरच्या खऱ्या विमानाएवढे दिसते. ओळखण्यात चूक झाली तर आपल्याच वैमानिकाचा जीव जाणार. मॉडेलवाल्यांच्या किरकिरेपणाचे मूळ इथे आहे.

याच भीतीतून चिन्हेही बदलली. ब्रह्मदेशच्या आघाडीवर लढणाऱ्या ब्रिटिश आणि भारतीय विमानांच्या गोल चिन्हातला मधला लाल ठिपका काढून टाकण्यात आला होता, कारण जपानी विमानांवर लाल गोळा असे. तिथल्या हरिकेन आणि स्पिटफायरवर गडद निळा आणि फिकट निळा एवढेच रंग उरले. त्या आघाडीवरचा प्रसंग दाखवताना विमानावर लाल ठिपका दिसला, तर समजावे की कलादिग्दर्शकाने युरोपातला फोटो समोर ठेवला होता.

सिनेमात एक विमान दुसऱ्याचे सोंग का घेते?

कारण हवे ते विमान मिळत नाही. युद्धानंतर बहुतेक विमाने भंगारात जातात. उरलेली उडवणे खर्चाचे आणि जोखमीचे असते. मग मिळेल त्या विमानाला रंग फासून उभे केले जाते.

याचे पाठ्यपुस्तकी उदाहरण म्हणजे १९६९ चा ‘बॅटल ऑफ ब्रिटन’. गाय हॅमिल्टन दिग्दर्शित या चित्रपटासाठी जुनी विमाने इतक्या मेहनतीने जमवली होती, की आजही हवाई दृश्यांसाठी तोच मापदंड मानला जातो. तरीही त्यातली जर्मन मेसरश्मिट-१०९ विमाने जर्मन नाहीत. ती स्पेनमध्ये बनलेली ‘बुचॉन’ आहेत आणि त्यांच्या नाकात इंजिन आहे ब्रिटिश रोल्स-रॉइस मर्लिन. म्हणजे पडद्यावर स्पिटफायर आणि मेसरश्मिट एकमेकांच्या जिवावर उठलेले, आणि दोघांच्या पोटात एकाच घराण्याचे इंजिन!

हे ओळखायचे कसे? खऱ्या मेसरश्मिटचे डेमलर-बेंझ इंजिन उलटे बसवलेले असायचे. त्याचे सिलिंडर खाली, त्यामुळे धूर सोडणाऱ्या नळ्यांची रांगही नाकाच्या खालच्या बाजूला. मर्लिन इंजिन सरळ बसते, म्हणून बुचॉनच्या नळ्या वरच्या बाजूला येतात आणि हनुवटी सुजल्यासारखी दिसते. एकदा हे कळले, की पुन्हा कधीच न दिसल्यासारखे करता येत नाही.

‘तोरा! तोरा! तोरा!’ (१९७०) मध्ये पर्ल हार्बरवर हल्ला करणारी ‘जपानी’ विमाने अमेरिकन प्रशिक्षण विमाने कापून-जोडून केलेली आहेत. ‘टॉप गन’ (१९८६) मधले ‘मिग-२८’ हे तर अस्तित्वातच नसलेले विमान. काळा रंग दिलेली अमेरिकन एफ-५ त्यासाठी वापरली होती. ख्रिस्तोफर नोलनच्या ‘डंकर्क’मध्ये (२०१७) पुन्हा बुचॉनच आहे, आणि त्याचे नाक पिवळे आहे. जर्मन विमानांची नाके पिवळी झाली ती डंकर्कनंतर काही काळाने. प्रेक्षकाला शत्रू चटकन ओळखता यावा म्हणून नोलनने हे जाणूनबुजून केले. मला ही तडजोड मान्य आहे. अज्ञानातून झालेली चूक आणि समजून-उमजून घेतलेली सूट यांत फरक आहे.

हिंदी चित्रपटांचे काय?

आपल्याकडे अडचण थोडी वेगळी. इथे खासगी मालकीची जुनी लढाऊ विमाने नाहीत. विमान हवे तर हवाई दलाकडे जावे लागते, संहिता दाखवावी लागते, परवानगी मिळवावी लागते. आणि परवानगी मिळाली तरी हवाई दल आज जे उडवते तेच देऊ शकते. कथेतल्या वर्षी जे उडत होते ते नाही.

कधी कधी योग जुळून येतो. जे. पी. दत्ता यांचा ‘बॉर्डर’ १९९७ मध्ये आला, तेव्हा लोंगेवालाच्या लढाईतले हंटर विमान हवाई दलात अजून शिल्लक होते. १९७१ च्या डिसेंबरमध्ये जैसलमेरहून उडालेल्या मोजक्या हंटरनी वाळवंटातले पाकिस्तानी रणगाडे टिपले होते. पडद्यावर दिसतात ती हंटरच आहेत. आणखी चार-पाच वर्षे उशीर झाला असता तर हे शक्य नव्हते, कारण २००१ मध्ये हंटर निवृत्त झाले. दत्ता यांचे बंधू हवाई दलात वैमानिक होते आणि मिग-२१ च्या अपघातात त्यांचा मृत्यू झाला. या चित्रपटातल्या विमानांमागे ते दुःखही आहे.

गोविंद निहलानी यांचा ‘विजेता’ (१९८२) हा मराठी वाचकांनी आवर्जून पाहावा असा. पटकथा दिलीप चित्रे यांची, निर्मिती शशी कपूर यांची. प्रशिक्षणापासून लढाऊ स्क्वाड्रनपर्यंतचा वैमानिकाचा प्रवास त्यात खऱ्या विमानांसह, खऱ्या तळांवर दिसतो. धावपट्टीवरची उष्ण हवा, विमानाजवळची तंत्रज्ञांची लगबग, शिडी, होजपाइप या सगळ्या गोष्टी मॉडेलवाल्याला संवादांपेक्षा जास्त उपयोगी पडतात. अशा चित्रपटांत नकळत एक कागदपत्र तयार होत असते.

‘रंग दे बसंती’ने (२००६) मिग-२१ ला दुसरीच ओळख दिली. अपघातात मरणारा वैमानिक आणि त्याला दोषी ठरवणारी व्यवस्था, ही कथा इतकी भिडली की एका पिढीसाठी मिग-२१ म्हणजे ‘उडती शवपेटी’ झाले. प्रदर्शनापूर्वी हा चित्रपट तत्कालीन संरक्षणमंत्री प्रणव मुखर्जी आणि सेनादलांच्या प्रमुखांना दाखवण्यात आला होता. अपघात खरे होते, गेलेले तरुण खरे होते. पण हेच विमान १९७१ मध्ये ढाक्यातील गव्हर्नर हाउसवर रॉकेट डागणारे विमान होते, हेही खरे. १४ डिसेंबर १९७१ च्या त्या हल्ल्यानंतर पूर्व पाकिस्तानच्या गव्हर्नरने राजीनामा दिला आणि दोन दिवसांत युद्ध संपले.

‘स्काय फोर्स’मधली लढाई मॉडेलवरून कशी समजते?

२०२५ च्या जानेवारीत आलेल्या ‘स्काय फोर्स’मागे एक खरी घटना आहे. ७ सप्टेंबर १९६५ रोजी आदमपूरहून उडालेल्या १ क्रमांकाच्या स्क्वाड्रनच्या मिस्टियर विमानांनी पाकिस्तानच्या सरगोधा तळावर हल्ला केला. राखीव वैमानिक असलेले स्क्वाड्रन लीडर अज्जमाडा देवय्या त्यात सामील झाले आणि परतलेच नाहीत. त्यांचे काय झाले, हे भारतात कुणालाच माहीत नव्हते. १९७९ मध्ये ब्रिटिश लेखक जॉन फ्रिकर यांच्या पुस्तकातून कळले, की एका मिस्टियरने पाकिस्तानचे अत्याधुनिक एफ-१०४ स्टारफायटर पाडले होते. ते देवय्याच होते, हे पुढे स्पष्ट झाले. १९८८ मध्ये त्यांना मरणोत्तर महावीर चक्र देण्यात आले. तब्बल २३ वर्षांनी.

मिस्टियर हवाई दलातून केव्हाच गेले. त्यामुळे चित्रपटात ते संगणकावर उभे करावे लागले. प्रश्न असा, की आवाजापेक्षा कमी वेगाच्या विमानाने आवाजाच्या दुप्पट वेगाने जाणारे विमान पाडले कसे? पडद्यावर याचे उत्तर जिद्द आणि पार्श्वसंगीत असे मिळते. जिद्द होतीच. पण ही दोन विमाने १/७२ मध्ये टेबलावर शेजारी ठेवा. स्टारफायटर २३ सेंटीमीटर लांब, पण पंख या टोकापासून त्या टोकापर्यंत सव्वानऊ सेंटीमीटर. भाल्याला दोन पाती चिकटवावीत तसे. मिस्टियर सुमारे १८ सेंटीमीटर लांब, आणि पंखांचा विस्तार त्याच्या जवळपास, साडेपंधरा सेंटीमीटर.

खऱ्या आकड्यांत सांगायचे तर मिस्टियरच्या पंखांचे क्षेत्रफळ ३२ चौरस मीटर, स्टारफायटरचे सव्वाअठरा. म्हणजे जड विमानाला छोटे पंख आणि हलक्या विमानाला पावणेदोन पट मोठे. वळताना विमानाला पंखच उचलून धरतात. सरळ पळताना स्टारफायटरला कुणी गाठू शकत नव्हते; पण वेग कमी करून वळणाच्या लढाईत उतरले, की हिशेब उलटा होतो. हे कुणीही न सांगता, दोन प्लास्टिकची विमाने हातात घेतली की समजते. देवय्यांचे विमान आधीच गोळ्या लागून जखमी झालेले होते. त्या अवस्थेत त्यांनी तो डाव साधला, हे लक्षात घेतले की चित्रपटापेक्षा खरी घटना मोठी वाटू लागते.

संगणकावरचे विमान ‘हलके’ का वाटते?

कारण त्याला वजन नसते, आणि डोळ्याला ते कळते. एक साधा हिशेब करू. ताशी ९०० किलोमीटर वेगाने जाणारे विमान सहा ‘जी’ने वळले, म्हणजे वैमानिकाला आपले वजन सहापट वाटेल इतक्या जोरात वळले, तरी त्या वर्तुळाची त्रिज्या एक किलोमीटरहून अधिक भरते आणि पूर्ण गोल फिरायला साधारण २७ सेकंद लागतात. सिनेमात एक शॉट तीन-चार सेकंदांचा. मग ॲनिमेशन करणारा विमानाला रिक्षासारखे जागच्या जागी वळवतो. शिवाय दोन्ही विमाने एकाच चौकटीत मावावीत म्हणून त्यांच्यात पन्नास फुटांचे अंतर ठेवतो. १/७२ च्या जगात एक किलोमीटर म्हणजे १४ मीटर. तुमच्या टेबलावरच्या विमानाचा शत्रू शेजारच्या खोलीत नाही, रस्त्यापलीकडच्या घरात असतो.

संगणक येण्यापूर्वी हीच अडचण मॉडेलवाल्यांनी सोडवली होती. छोटी प्रतिकृती पडली तर ती फार पटकन पडते आणि खेळणे वाटते. कारण पडायला लागणारा वेळ उंचीच्या वर्गमुळाच्या प्रमाणात बदलतो. १/१६ चे मॉडेल असेल तर वर्गमूळ चार. म्हणून चौपट वेगाने, सेकंदाला २४ ऐवजी ९६ चित्रे घ्यायची आणि नेहमीच्या वेगाने दाखवायची. मग तेच प्लास्टिक कित्येक टनांचे वाटू लागते. फक्त पाणी आणि आग फसवता येत नाही. थेंबाचा आणि ज्वाळेचा आकार लहान करता येत नाही, म्हणून जुन्या चित्रपटांतली जळणारी जहाजे उघडी पडतात.

वेगाचीही अशीच गंमत. हॉवर्ड ह्यूज यांनी पहिल्या महायुद्धावर ‘हेल्स एंजल्स’ (१९३०) काढला तेव्हा स्वच्छ निळ्या आकाशात विमाने उभीच असल्यासारखी दिसू लागली. मागे काहीच नसेल तर वेग कळणार कसा? मग ढग येण्यासाठी त्यांनी महिनोन् महिने चित्रीकरण थांबवून ठेवले.

मिग-२१ पाहून काय ओळखायचे?

आता हातातल्या मोबाइलचा उपयोग करा. १९७१ च्या युद्धाचे दृश्य आले आणि मिग-२१ दिसले, की फ्रेम थांबवा आणि विमानाची पाठ पाहा. कॅनोपीच्या मागून शेपटाकडे जाणारा उंचवटा अगदी बारीक असेल तर ते ‘एफएल’ प्रकारचे विमान. १९७१ मध्ये भारताकडे लढायला तेच होते. तो उंचवटा जाडजूड, भरलेला असेल तर ते ‘बिस’. ते १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात आले. म्हणजे युद्ध १९७१ चे आणि विमान पाच-सहा वर्षे पुढचे. ‘एफएल’च्या अंगात तोफ नव्हती, पोटाखाली वेगळ्या कप्प्यात ती बांधावी लागे. तो कप्पाही शोधा. आणि वैमानिकाच्या समोरची काच मधल्या पट्ट्यांशिवाय, एकसंध असेल, तर ते ‘बायसन’. २७ फेब्रुवारी २०१९ रोजी अभिनंदन वर्धमान यांनी उडवले ते या प्रकारचे.

रंग सर्वांत फसवा. १९६० च्या दशकात आपली मिग-२१ उघड्या चांदीसारख्या धातूची होती. १९७१ मध्ये ती तळांवरच, आपापल्या पद्धतीने हिरवी-तपकिरी करण्यात आली. त्यामुळे एकाच युद्धात एकाच प्रकारची विमाने वेगवेगळ्या रंगांत दिसतात. कोणताही एक नमुना ‘बरोबर’ नसतो. कोणते विमान, कोणत्या तळावर, कोणत्या महिन्यात, हे विचारावे लागते.

नंदुरबारमध्ये हा छंद जमेल का?

किट बाहेरून मागवावे लागते, ते महाग पडते आणि वाट पाहावी लागते. बाकी सामान मात्र इथलेच. आणि एका बाबतीत नंदुरबार पुढे आहे. इथल्या गणेशमूर्ती गुजरात, मध्य प्रदेशापर्यंत जातात. मूर्तीच्या कारखान्यात कॉम्प्रेसरला गन लावून एकावर एक पातळ थर देणारे, सावली फिरवणारे, सोनेरी रंग मारणारे कारागीर जे करतात, तेच मॉडेलवाला एअरब्रशने करतो. आकार लहान, एवढाच फरक. डोळ्यांची आखणी करणाऱ्या हाताला मिगच्या कॅनोपीची चौकट रंगवणे जड जाणार नाही. ॲक्रिलिक रंग कितपत पातळ करायचा, गन किती अंतरावर धरायची, चांदी मारण्यापूर्वी खालचा थर किती गुळगुळीत हवा, हे व्हिडीओ पाहून शिकण्यापेक्षा कारखान्यात तासभर उभे राहून लवकर समजते.

उन्हाळा मात्र त्रास देतो. पारा चाळिशीपार गेला की ॲक्रिलिक रंग एअरब्रशच्या सुईवरच सुकतो. पहाटे रंगवायला बसावे. पावसाळ्यात दमट हवेमुळे लॅकर पांढरट पडतो, तेव्हा रंगकाम सोडून घासकाम करावे. पत्रे जोडल्याच्या रेषा खोल कोरण्याचा मोहही टाळावा. खऱ्या विमानावरची दोन मिलिमीटरची फट १/७२ मध्ये मिलिमीटरचा तिसावा-पस्तिसावा भाग होते, केसाहूनही बारीक.

खरे विमान जवळून कुठे पाहता येते?

दिल्लीत पालमच्या हवाई दल संग्रहालयात सर्वाधिक. हिंडनला हवाई दलाची जुन्या विमानांची तुकडी आहे. टायगर मॉथ, हार्वर्ड आणि ‘परशुराम’ नावाची डाकोटा तिच्याकडे आहेत. या डाकोटावर व्हीपी ९०५ हा क्रमांक आहे. २७ ऑक्टोबर १९४७ रोजी सैनिकांना घेऊन श्रीनगरला उतरलेल्या डाकोटाचा तो क्रमांक. राज्यात मुंबईच्या नेहरू विज्ञान केंद्रात आणि पुण्याच्या कमला नेहरू उद्यानात ‘मारुत’ आहे. भारतात विकसित झालेले हे पहिले जेट लढाऊ विमान १७ जून १९६१ रोजी प्रथम उडाले. रचना कुर्ट टांक यांची. दुसऱ्या महायुद्धात जर्मनीचे प्रसिद्ध फोक-वुल्फ १९० बनवणारे हेच. पुण्यातली कित्येक मुले त्या मारुतच्या आसपास खेळून मोठी झाली आहेत.

चौथऱ्यावरच्या विमानाचे मोजमाप घ्यायला, फोटो काढायला जरूर जा. रंगावर मात्र विसंबू नका. देखभाल करणारे दर काही वर्षांनी हाती येईल तो रंग मारतात, गोल चिन्हातला केशरी लाल होतो, क्रमांक पुसला जातो.

क्रमांक पुसला गेला तर काय बिघडते?

हा प्रश्न मला अनेकांनी विचारला आहे. ५ डिसेंबर १९७१ रोजी फ्लाइट लेफ्टनंट विजय तांबे सुखोई-७ घेऊन पाकिस्तानातल्या शोरकोट तळावर हल्ला करायला गेले. विमान पाडले गेले आणि ते परतले नाहीत. त्यांच्या पत्नी दमयंती तांबे राष्ट्रीय विजेत्या बॅडमिंटनपटू. पुढची अनेक दशके त्यांनी पतीचा शोध घेण्यात घालवली. बेपत्ता युद्धकैद्यांच्या यादीत तांबे यांचे नाव आहे. या कैद्यांवर ‘१९७१’ (२००७) नावाचा चांगला चित्रपटही आला. अशा प्रकरणात कोणत्या दिवशी, कोणत्या स्क्वाड्रनचे, कोणत्या क्रमांकाचे विमान कुठे पडले, याच नोंदी हाताशी असतात. देवय्यांचे शौर्यही ‘मिस्टियर’ हा एक शब्द परक्या पुस्तकात नीट नोंदला गेल्यामुळे समोर आले. तिथे लेखकाने नुसते ‘एक भारतीय विमान’ लिहिले असते तर?

म्हणून मॉडेल बनवणारे ‘मिग-२१’ बनवत नाहीत. ते अमुक स्क्वाड्रनचे, अमुक क्रमांकाचे, अमुक तारखेचे मिग-२१ बनवतात. पहिले किट घ्याल तेव्हा १/७२ चे घ्या, पंख सरळ बसले नाहीत तरी पूर्ण करा, आणि डिकल लावण्याआधी तारीख ठरवा. ओझरची धावपट्टीही रिकामी नाही. मिग-२१ ला निरोप दिल्यानंतर तीन आठवड्यांनी, १७ ऑक्टोबर २०२५ रोजी, तिथे जुळणी झालेले पहिले तेजस मार्क-१ए त्याच धावपट्टीवरून उडाले.